गणितीय मजकुराची दृश्य ओळख : पोथीपासून टेक्स्ट एडिटरच्या रंगयोजनेपर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
गणिताचा ग्रंथ हा एकाच वेळी दोन भाषांत लिहिलेला असतो. एक भाषा वाक्यांची आणि दुसरी चिन्हांची. वाक्य कोठे संपते आणि चिन्हांची भाषा कोठे सुरू होते, हे वाचकाच्या नजरेला चटकन कळावे यासाठी प्रत्येक काळातील लेखनिकांनी व मुद्रकांनी काही साधने वापरली. संगणकाच्या युगात हेच काम टेक्स्ट एडिटरमधील रंगांकन, म्हणजेच सिंटॅक्स हायलायटिंग, करते. प्रस्तुत निबंधात या साधनांचा इतिहास महाराष्ट्राच्या, विशेषतः मराठवाड्याच्या संदर्भात तपासला आहे. रंगांकन ही सजावट नसून एका जुन्या परंपरेचा नवा टप्पा आहे आणि मराठीत गणित लिहिणाऱ्याने ते आपल्या लिपीप्रमाणे बदलून घेणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : गणितीय चिन्हांकन, बीजगणित, मोडी अपूर्णांक, मुद्रण, लाटेक, टेक्स्ट एडिटर, रंगांकन.

१. प्रस्तावना

गणिताच्या इतिहासाचा विचार करताना सामान्यतः सिद्धांत, सूत्रे व गणिती यांचा विचार होतो. सूत्र कागदावर कसे उतरले, ते भोवतालच्या गद्यापासून कसे वेगळे ओळखले गेले आणि ही ओळख ठरविण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे प्रश्न मागे पडतात. वस्तुतः गणिताच्या लेखनातील अनेक चुका विचाराच्या नसून ओळखीच्या असतात. एखादा बिंदू सुटला, एखादी रेघ वाक्यातील समजली गेली किंवा एखादे अक्षर राशीऐवजी शब्दाचा भाग म्हणून वाचले गेले, की उत्तर बदलते.

निलंग्यासारख्या गावाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी निलंगा तालुका हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. त्यानंतर तो उस्मानाबाद जिल्ह्यात आणि १९८२ मध्ये नव्याने निर्माण झालेल्या लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाला. या काळात राज्यकारभाराची व शिक्षणाची भाषा उर्दू, मराठी आणि उच्च शिक्षणापुरती इंग्रजी अशी बदलत गेली. भाषेबरोबर लिपी बदलली आणि लिपीबरोबर आकडे व चिन्हेही बदलली. अशा प्रदेशात गणिताची दृश्य ओळख हा केवळ तांत्रिक विषय राहत नाही.

२. हस्तलिखित परंपरा : चौकटी, आद्याक्षरे आणि गेरू

भारतीय गणिताच्या उपलब्ध हस्तलिखितांपैकी बक्षाली हस्तलिखित या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १८८१ मध्ये पेशावरच्या परिसरातील बक्षाली या गावी सापडलेल्या या भूर्जपत्रांवर गद्य व पद्य मजकूर सलग आहे. परंतु संख्या व त्यांची मांडणी रेघांनी आखलेल्या चौकटींत बंदिस्त केलेली दिसते. लेखनिकाने येथे गणिताला भाषेपासून अक्षरशः कुंपण घालून वेगळे केले आहे. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर गणिताच्या आरंभाची व अंताची खूण येथे प्रत्यक्ष रेघेने केलेली आहे.

दुसरे साधन आद्याक्षरांचे होय. ब्रह्मगुप्ताच्या काळापासून, म्हणजे इ.स. ६२८ च्या सुमारापासून, अनेक अव्यक्त राशींसाठी वर्णांची, म्हणजे रंगांची, नावे वापरण्याची पद्धत दिसते. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (इ.स. ११५०) पहिल्या अव्यक्त राशीस यावत्तावत् आणि पुढील राशींस कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी नावे येतात. लेखनात या नावांची केवळ आद्याक्षरे घेतली जात : या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येपूर्वी ‘रू’ म्हणजे रूप, वर्गासाठी ‘व’ आणि घनासाठी ‘घ’ लिहीत. ऋण संख्येच्या डोक्यावर बिंदू दिला जाई. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडल्या जात. उदाहरणार्थ, एखाद्या राशीच्या तिपटीत पाच मिळविले असता येणारी संख्या त्याच राशीत अकरा मिळविल्यावर येणाऱ्या संख्येइतकी असेल, तर मांडणी पुढीलप्रमाणे होईल :

या ३ रू ५
या १ रू ११

यावरून राशीचे मान ३ येते. येथे ‘या’ हे अक्षर सर्वनाम नाही आणि ‘रू’ हा शब्दाचा तुकडा नाही, हे वाचकाला मांडणीवरूनच कळते. राशींची नावे रंगांची होती म्हणून त्या रंगीत शाईने लिहिल्या जात असा याचा अर्थ नव्हे. तथापि, वेगवेगळ्या अव्यक्त राशी नजरेला वेगळ्या ठेवावयाच्या असतील तर रंगांची कल्पना उपयोगी पडते, ही जाण या परिभाषेत स्पष्ट दिसते.

प्रत्यक्ष रंगाचा उपयोग पोथ्यांत निराळ्या कारणासाठी होत असे. श्लोकाचा शेवट, प्रकरणाची समाप्ती किंवा ‘उदाहरणम्’ यासारखे दर्शक शब्द यांवर गेरूचा हात फिरविण्याची आणि चूक झाकण्यासाठी हरताळ लावण्याची प्रथा भारतीय हस्तलिखितांत सर्वत्र आढळते. ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार याच प्रथेची आठवण आहे. मूळ श्लोक मध्यभागी व टीका वर-खाली लिहिण्याच्या त्रिपाठ पद्धतीने मूळ कोणते व विवरण कोणते हे जागेवरूनच कळे.

ही परंपरा महाराष्ट्राच्या भूमीवर जोपासली गेली याचा शिलालेखीय पुरावा उपलब्ध आहे. चाळीसगावजवळील पाटणे येथील शके ११२८ (इ.स. १२०६-०७) च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे. लेख प्रामुख्याने संस्कृतात असून त्याच्या अखेरच्या भागात जुनी मराठी येते. मठाला द्यावयाच्या व्यवहारातील देण्यांचा तपशील याच भागात आहे. शास्त्राची भाषा एक आणि मोजमापाच्या व्यवहाराची भाषा दुसरी, हा भेद यादवकाळातच रूढ होता असे यावरून दिसते.

३. व्यवहारी गणित : मोडीतील रेघा आणि उर्दूचा काळ

शास्त्रीय गणितापेक्षा सामान्य माणसाचा संबंध हिशेबाशी अधिक येई. मोडी दप्तरांत व मराठी चोपड्यांत पूर्णांकापुढे उभ्या रेघा देऊन चतुर्थांश दाखविले जात : ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ म्हणजे साडेपाच आणि ५॥। म्हणजे पावणेसहा. सोळाव्या हिश्शासाठी वेगळ्या, आडव्या अथवा तिरप्या रेघा असत. सोळा आण्यांचा रुपया आणि चौपटीवर आधारलेली मापे यांना ही पद्धत सोयीची होती.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. बाळबोध लिपीत हीच उभी रेघ चरणाचा किंवा वाक्याचा शेवट दाखविते. म्हणजे ‘५।’ ही अक्षरे सव्वापाचही दाखवू शकतात आणि पाच या आकड्यावर संपणारा चरणही. मोडीच्या सलग लेखनात विरामचिन्हांचा वापर जवळजवळ नसल्याने हा घोटाळा तेथे होत नसे. एकच खूण दोन व्यवस्थांत दोन अर्थांनी येते, तेव्हा अर्थ खुणेत नसतो. तो संदर्भात असतो. संगणकाच्या टेक्स्ट एडिटरपुढील प्रश्न नेमका हाच आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाल्यावर या रेघा व्यवहारातून झपाट्याने मागे पडल्या. पुढे २००९ मध्ये युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत अशा अपूर्णांक-चिन्हांना आणि २०१४ मध्ये मोडी लिपीला स्थान मिळाले.

हैदराबाद राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे, तर त्यातील संख्या डावीकडून उजवीकडे लिहिली जाते. त्यामुळे तेथे संख्येपाशी येताच लेखणीची दिशाच बदलते आणि ही दिशाच भाषा व गणित यांतील भेद दाखविते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर मराठवाड्यात मराठी माध्यम रुजले, तेव्हा उर्दू शाळांत शिकलेल्या पिढीला केवळ नवे शब्द शिकावे लागले नाहीत. गणित पानावर ओळखण्याची सवयही बदलावी लागली.

४. मुद्रणाचा काळ : खिळे, तिरपी अक्षरे आणि देवनागरीची अडचण

मराठी गणिताची छापील पुस्तके १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यात तयार होऊ लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने इंग्रजी गणितग्रंथ मराठीत आणले. त्या काळच्या शिळाछापात मजकूर हातानेच लिहिलेला असल्याने आकृती, अपूर्णांक व वाक्य एकाच लेखणीतून उतरत. खिळ्यांची छपाई रूढ झाल्यावर मात्र अडचण वाढली. काना, मात्रा, वेलांटी व जोडाक्षरे यांमुळे देवनागरीची जुळणी आधीच किचकट होती. त्यात अंश, रेघ व छेद अशा तीन थरांचा अपूर्णांक बसविणे हे कंपॉझिटरच्या कौशल्याचे काम ठरले. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या लेखकांनी लिहिलेली गणिताची पुस्तके वाचकांपर्यंत पोहोचली त्यामागे या अनाम कारागिरांचेही श्रम आहेत. गणित वेगळे कसे दिसावे, हे ठरविण्याचा अधिकार या टप्प्यावर लेखकाकडून मुद्रकाकडे गेला.

युरोपीय मुद्रणात चलराशींसाठी तिरप्या वळणाची अक्षरे वापरण्याचा संकेत स्थिर झाला होता. त्यामुळे इंग्रजी वाक्यात एकाक्षरी शब्द आणि एकाक्षरी राशी यांत घोटाळा होत नसे. देवनागरीला तिरप्या अक्षरांची अशी परंपरा नव्हती. मराठी पुस्तकांत अ, ब, क, क्ष, य ही अक्षरे राशी म्हणून आली, तेव्हा ती भोवतालच्या मजकुरासारखीच दिसत. ‘क्ष व य या संख्या’ या शब्दसमूहातील ‘व’ आणि ‘या’ हे शब्द होत, तर ‘क्ष’ आणि ‘य’ या राशी होत. हे वाचकाने अर्थावरूनच जाणावयाचे असे. पुढे मराठी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकांतही राशींसाठी रोमन अक्षरे रूढ झाली. या बदलाकडे इंग्रजीचे आक्रमण म्हणून पाहता येते. परंतु मुद्रणाच्या दृष्टीने त्याचा एक लाभही झाला. देवनागरी मजकुरात रोमन अक्षर दिसताच ते गणित आहे हे कळू लागले. लिपीतील बदल हीच येथे दृश्य खूण ठरली.

५. लाटेक आणि टेक्स्ट एडिटर : रंगाचे पुनरागमन

अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधानाने ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचण्यास आरंभ केला. १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ ही अधिक सोपी रचना उभारली. या पद्धतीत लेखक साध्या मजकुराच्या धारिकेत खुणा लिहितो आणि प्रणाली त्यावरून छापील पान घडविते. गणिताचा आरंभ व अंत डॉलर चिन्हाने दाखविला जातो. गणिताची जुळणी महाग समजली जाते, म्हणून हे चिन्ह योग्य, असा नूथ यांचा विनोद प्रसिद्ध आहे. कंपॉझिटरकडे गेलेला अधिकार अशा रीतीने लेखकाकडे परत आला.

मात्र त्याची किंमतही होती. छापील पानावर गणित सुंदर दिसले तरी लिहिताना लेखकापुढे असते ती उलट्या तिरप्या रेघा, महिरपी कंस आणि डॉलर चिन्हे यांची एकरंगी गर्दी. ही उणीव रंगांकनाने भरून काढली. १९८५ मध्ये माइक कौलिशॉ यांनी ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या संगणकीकरणासाठी ‘लेक्स’ हा एडिटर तयार केला. खुणांची रचना ओळखून लिहितानाच तिला रंग देणाऱ्या आरंभीच्या एडिटरांत त्याची गणना होते. रंगांकनाचा उगम अशा प्रकारे कोशवाङ्मयाच्या गरजेतून झाला, ही बाब मानव्यविद्येच्या अभ्यासकांना विशेष वाटावी अशी आहे. १९९० च्या दशकात ईमॅक्स व विम या एडिटरांत रंगांकन रूढ झाले. ईमॅक्ससाठी लाटेक लेखनाची ‘ऑकटेक’ ही जोड डेन्मार्कमधील ऑलबोर्ग विद्यापीठात विकसित झाली. तिच्या नावात त्या विद्यापीठाचेच आद्याक्षर आहे.

रंगांकनाची कार्यपद्धती दोन पायऱ्यांची असते. पहिल्या पायरीत एडिटर ठरावीक नमुन्यांवरून मजकुराचे वर्ग पाडतो : ही आज्ञा, ही टिप्पणी, हा गणिताचा प्रदेश. दुसऱ्या पायरीत प्रत्येक वर्गाला रंग, जाडी अथवा पार्श्वभूमी दिली जाते. वापरकर्त्याला दोन्ही पायऱ्यांवर बदल करता येतात. ऑकटेकमध्ये गणिताच्या प्रदेशाचे रूप बदलता येते आणि लेखकाने स्वतः तयार केलेली समीकरणाची रचना गणितीय रचनांच्या यादीत घालता येते. विममध्ये गणितासाठी स्वतंत्र गट असून त्याचे रूप एका ओळीच्या सूचनेने बदलते. अलीकडच्या एडिटरांतही अशी सोय आहे. अनेकदा केवळ रंग बदलला जातो. परंतु खरे महत्त्व पहिल्या पायरीचे आहे. एडिटरला जी रचना गणित म्हणून माहीतच नाही, तिला कितीही चांगला रंग निवडला तरी तो लागत नाही.

या रंगाचा व्यावहारिक उपयोग साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. एखादे डॉलर चिन्ह बंद करावयाचे राहिले तर पुढचा गद्य मजकूरही गणिताच्या रंगात रंगतो आणि चूक छापण्यापूर्वीच डोळ्यांना दिसते. बक्षालीच्या लेखनिकाने चौकटीची चौथी रेघ काढली नसती तर जे दिसले असते, तेच येथे दिसते.

६. मराठी लेखनाच्या विशेष गरजा

फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे टेकसाठी देवनागरीची व्यवस्था केली. तीत मजकूर रोमन अक्षरांत लिहून विशिष्ट खुणेने तो देवनागरी असल्याचे सांगावे लागे. परिणामी धारिकेत मराठी वाक्यही रोमन आणि गणितही रोमन अशी स्थिती होती. पाठ्यपुस्तकात लिपीभेदाने मिळणारी ओळख लेखकाच्या पडद्यावर नाहीशी झाली. अशा वेळी रंग हाच एक आधार उरतो. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी ‘झीटेक’ प्रणाली उपलब्ध केल्यानंतर युनिकोडमधील देवनागरी थेट लिहिणे शक्य झाले. आता मराठीसाठी स्वतंत्र लाटेक आज्ञासंचही आहे. तरीही तयार मिळणाऱ्या रंगयोजनांच्या मुळाशी रोमन लिपीचे गृहीतक राहिले आहे. त्यातून पुढील प्रश्न उद्भवतात.

अ) आज्ञेचे नाव म्हणजे रोमन अक्षरांची मालिका, असे अनेक नमुन्यांत गृहीत धरलेले असते. नव्या प्रणालींत देवनागरी नावाची आज्ञा करता येते. परंतु एडिटर तिला आज्ञा म्हणून ओळखत नाही.

आ) ‘क्ष’ हे वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर असले तरी युनिकोडमध्ये ते क, हलन्त चिन्ह आणि ष अशा तीन घटकांचे बनते. नमुन्याची सीमा त्यांच्या मधोमध पडली आणि रंग तेथेच बदलला, तर काही एडिटरांत जोडाक्षर फुटून दिसते. म्हणून नमुना अक्षराच्या पूर्ण एककावर थांबेल अशी दक्षता घ्यावी लागते.

इ) समीकरणाच्या मधोमध ‘जर’, ‘तर’, ‘म्हणून’ असे शब्द येतात. ते गणिताच्या प्रदेशात असले तरी भाषेचे आहेत. त्यांना गद्याचाच रंग मिळावा, यासाठी प्रदेशाच्या आत प्रदेश ओळखण्याची सूचना द्यावी लागते.

ई) बारीक, फिकट रंगात रोमन अक्षर वाचता येते, परंतु रफार, अनुस्वार व रुकार पुसट होतात. देवनागरीसाठी अक्षराच्या रंगापेक्षा पार्श्वभूमीची सौम्य छटा अधिक सोयीची ठरते. लाल-हिरवा भेद न जाणवणाऱ्या वापरकर्त्यांसाठीही छटेबरोबर अधोरेखा किंवा जाडी असणे हितावह आहे.

हे प्रश्न किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) परिक्षेत्रातील तालुक्याच्या ठिकाणी गणिताचे अध्यापन बहुधा दोन भाषांत चालते. सूत्र इंग्रजीत, स्पष्टीकरण मराठीत. ही द्विभाषिक टिपणे लिहून ठेवण्याचे साधन सुलभ नसेल, तर स्पष्टीकरण फळ्यावरच पुसले जाते आणि कागदावर केवळ इंग्रजी उरते. पदवी पातळीवरील मराठी गणितलेखन कमी असण्याची कारणे अनेक आहेत. लेखनसाधनांची अडचण हे त्यांपैकी एक असून ते स्थानिक पातळीवर दूर करण्याजोगे आहे.

७. निष्कर्ष

१) गणिताला भोवतालच्या भाषेपासून नजरेला वेगळे करण्याची गरज कायम आहे, बदलली ती साधने. चौकट, आद्याक्षर, बिंदू, रेघ, लेखनदिशा, अक्षराचे वळण, लिपीभेद आणि रंग ही त्या एकाच गरजेची क्रमाने आलेली उत्तरे होत.

२) ही ओळख ठरविण्याचा अधिकार लेखनिकाकडून मुद्रकाकडे आणि मुद्रकाकडून पुन्हा लेखकाकडे आला. टेक्स्ट एडिटरमध्ये तर एकच धारिका प्रत्येक वापरकर्त्याला आपल्या सोयीच्या रूपात पाहता येते. पूर्वीच्या कोणत्याही माध्यमात हे शक्य नव्हते.

३) तयार रंगयोजना रोमन लिपीला अनुसरून घडलेल्या आहेत. त्या जशाच्या तशा स्वीकारल्यास मराठीची वैशिष्ट्ये दुर्लक्षित राहतात. म्हणून मराठीत गणित लिहिणाऱ्याने केवळ रंग नव्हे, तर नमुनेही बदलून घेणे आवश्यक ठरते.

४) रंगयोजनेच्या सूचना साध्या मजकुराच्या लहान धारिकेत मावतात. महाविद्यालयाच्या गणित व मराठी विभागांनी मिळून अशी एक धारिका तयार करून अध्यापक-विद्यार्थ्यांना दिल्यास अल्प श्रमात मोठी सोय होऊ शकते. पाटणे येथील मठाने ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून जी व्यवस्था केली, तिचा हेतू आणि या लहानशा प्रयत्नाचा हेतू एकच आहे : ज्ञान आपल्या परिसरात, आपल्या लिपीत वाचता आणि लिहिता यावे.